तासात डोके कोणाचे चालते? अध्यापनपद्धती, विद्यार्थ्यांचे यश आणि जबाबदारीची जाणीव

विद्यापीठातल्या एखाद्या तासाला मागच्या बाकावर बसा आणि दर दोन मिनिटांनी वहीत एकच नोंद करा: आत्ता या क्षणी डोके कोणाचे चालले आहे, शिकवणाऱ्याचे की शिकणाऱ्याचे? ६० मिनिटांत ३० नोंदी होतात. त्यांतल्या पंचवीसेक नोंदी प्राध्यापकांच्या नावावर पडल्या, तर उदाहरण त्यांनी निवडले, अडचण त्यांना दिसली, ती त्यांनीच सोडवली आणि सारांशही त्यांनीच काढला असा त्याचा अर्थ होतो. विद्यार्थ्याने उतरवून घेतले. सत्र संपताना याच विद्यार्थ्याने स्वतंत्र विचार करावा, वेळेवर काम द्यावे, स्वतःच्या चुका स्वतः शोधाव्यात असे आपल्याला वाटते. यांतल्या एकाही गोष्टीचा सराव त्याला मिळालेला नसतो.

विद्यार्थ्याचे यश आणि त्याची जबाबदारीची जाणीव या दोन स्वतंत्र गोष्टी समजल्या जातात. यशासाठी जादा तास, जबाबदारीसाठी उपदेश आणि हजेरीची सक्ती. प्रत्यक्षात दोन्हींचे मूळ एकच आहे: विचार करण्याचे काम कोणाच्या हातात आहे. एका विषयाची शिकवण्याची रीत १५ आठवड्यांच्या सत्रात कशी बदलता येते, कुठे घोटाळा होतो आणि का होतो, हे पुढे क्रमाने दिले आहे. आकडे ६० ते १२० विद्यार्थ्यांचा वर्ग धरून आहेत. वर्ग लहान असेल तर हेच अधिक सोपे जाते.

आधी पुरावा

२०१४ साली स्कॉट फ्रीमन आणि सहकाऱ्यांनी विज्ञान, अभियांत्रिकी आणि गणित या विषयांतले पदवी पातळीवरचे २२५ अभ्यास एकत्र तपासले. ज्या वर्गांत विद्यार्थी तासातच प्रश्न सोडवत, चर्चा करत, काम करत होते, तिथे परीक्षेतले गुण सरासरी सुमारे ६ टक्क्यांनी जास्त होते. नापास होण्याचे प्रमाण अशा वर्गांत २१.८ टक्के, तर निव्वळ व्याख्यानाच्या वर्गांत ३३.८ टक्के होते. शंभर जणांच्या वर्गात हा फरक बारा जणांचा पडतो. त्या बारा जणांना आपण बहुधा ‘अभ्यासच करत नाहीत’ म्हणून सोडून दिलेले असते.

भौतिकशास्त्रात याआधीच, १९९८ साली, रिचर्ड हेक यांनी ६२ अभ्यासक्रमांतल्या ६५४२ विद्यार्थ्यांचे निकाल मांडले होते. सत्राच्या सुरुवातीला जे येत नव्हते, त्यातला किती भाग सत्राअखेर येऊ लागला, हे त्यांनी मोजले. पारंपरिक वर्गांत हा भाग सरासरी ०.२३ निघाला, विद्यार्थ्यांच्या सहभागाच्या वर्गांत ०.४८. पहिल्या प्रकारच्या वर्गांत न येणाऱ्या गोष्टींपैकी तीन चतुर्थांशाहून अधिक गोष्टी शिकवूनही न आलेल्याच राहिल्या.

२०२० साली एलि थिओबाल्ड आणि सहकाऱ्यांनी दाखवले की अमेरिकेतल्या विद्यापीठांत वंचित गटांतले विद्यार्थी आणि इतर यांच्यातली परीक्षागुणांची दरी अशा वर्गांत सरासरी ३३ टक्क्यांनी कमी झाली. मात्र तासाचा बहुतांश वेळ विद्यार्थ्यांच्या कामाला दिला होता तिथेच हा परिणाम ठळक होता. तासाच्या शेवटी पाच मिनिटे ‘काही शंका?’ असे विचारल्याने हे घडत नाही.

यावरून व्याख्यान टाकाऊ ठरत नाही. १९९८ मध्येच डॅनियल श्वार्ट्झ आणि जॉन ब्रान्सफर्ड यांनी दाखवले की विद्यार्थ्यांनी आधी वेगवेगळी उदाहरणे स्वतः ताडून पाहिली असतील, तर त्यानंतरचे व्याख्यान खोलवर रुजते. विद्यार्थ्याच्या मनात प्रश्न तयार असेल तेव्हा वीस मिनिटांचे चांगले व्याख्यान फार मोठे काम करते. प्रश्नच पडलेला नसताना दिलेले उत्तर मात्र वहीतच राहते.

जबाबदारी कशाने येते

ती येण्यासाठी तीन गोष्टी एकत्र लागतात. विद्यार्थ्याच्या हाती खरा निर्णय हवा. त्या निर्णयाचा परिणाम त्याला लवकर दिसायला हवा, महिन्याभराने नव्हे, त्याच आठवड्यात. आणि चूक झाली तर ती दुरुस्त करायला वाव हवा. यांपैकी एक जरी गळाली तरी वेगळेच काहीतरी उगवते. निर्णय नसेल तर आज्ञापालन येते, परिणाम दिसत नसेल तर बेफिकिरी, आणि दुरुस्तीला वाव नसेल तर भीती. भीतीपोटी मग नक्कल सुरू होते.

मानसशास्त्रज्ञ एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन यांच्या मांडणीनुसार माणूस मनापासून काम करतो ते स्वायत्तता, आपल्याला हे जमते ही भावना आणि इतरांशी जोडलेपणा या तीन गरजा भागतात तेव्हा. अध्यापनाची कोणतीही युक्ती निवडताना ती या तिन्हींपैकी कशाला खतपाणी घालते, हे विचारून पाहावे. हजेरीला गुण देण्याची पद्धत या कसोटीवर सपशेल पडते. तिने माणूस बाकावर येतो, एवढेच. विद्यापीठाचा नियम असेल तर हजेरी घ्या, पण तिलाच जबाबदारीचे माप समजू नका.

पायरी १: सत्र सुरू होण्याआधी तीन आठवडे

अभ्यासक्रमातल्या प्रत्येक घटकासमोर एक वाक्य लिहा: ‘हा घटक झाल्यावर विद्यार्थी … करून दाखवेल.’ ‘समजेल’, ‘माहीत होईल’, ‘आकलन होईल’ ही क्रियापदे वर्ज्य. ‘दोन अहवालांतला विरोधाभास दाखवेल’, ‘दिलेल्या आकडेवारीसाठी योग्य चाचणी निवडून कारण लिहील’, ‘युक्तिवादातले गृहीतक शोधेल’ अशी वाक्ये हवीत. १५ आठवड्यांच्या विषयाला १० ते १२ वाक्ये पुरतात. तीस झाली तर घटकांची यादीच पुन्हा लिहिली गेली आहे असे समजा.

मग गेल्या तीन परीक्षांच्या प्रश्नपत्रिका काढून ही वाक्ये आणि ते प्रश्न शेजारी शेजारी ठेवा. सगळ्यात मोठी गफलत इथे सापडते: तासात चर्चा आणि विचार, परीक्षेत मात्र ‘टीपा लिहा’. परीक्षा पाठांतराची असेल तर हुशार विद्यार्थी पाठांतरच करतो, आणि त्याचे ते वागणे अगदी शहाणपणाचे असते. पद्धत बदलायची तर प्रश्नपत्रिकेपासून सुरुवात करावी लागते. अंतिम परीक्षा तुमच्या हातात नसेल, तर निदान अंतर्गत गुणांचे प्रश्न बदला.

गुणांची वाटणी पहिल्या दिवशीच लेखी द्या. चालण्याजोगी एक वाटणी अशी: तासापूर्वीच्या तयारीला १०, दर आठवड्याच्या छोट्या चाचण्यांना २०, कच्च्या खर्ड्यासह लेखनाला २०, गटाच्या कामाला १५, अंतिम परीक्षेला ३५. तत्त्व असे की कोणत्याही एका दिवसावर निम्म्याहून अधिक गुण टांगलेले नसावेत. सगळे गुण शेवटी असतील तर पहिले दहा आठवडे काही न करण्याचा परिणाम दिसतच नाही. तो दिसतो तेव्हा दुरुस्तीची वेळ निघून गेलेली असते.

पायरी २: तासापूर्वीची तयारी

दर आठवड्याला ८ ते १० पानांचे वाचन किंवा १० ते १५ मिनिटांची ध्वनिचित्रफीत द्या. चाळीस पाने दिली तर कोणीच वाचत नाही. वाचनासोबत तीन प्रश्न: दोन मजकुरावरचे, आणि तिसरा कायम एकच, ‘यात तुम्हाला सर्वांत अवघड किंवा न पटलेले काय वाटले? दोन वाक्यांत लिहा.’ उत्तरे आदल्या रात्री आठपर्यंत यावीत. गुण बरोबर-चूक पाहून देऊ नका. प्रामाणिक प्रयत्न दिसला की १, नाही तर ०. बारा वेळांपैकी सर्वोत्तम दहा धरा.

तिसऱ्या प्रश्नाची उत्तरे २० मिनिटे चाळली की उद्याचा तास कुठे अडणार ते कळते. त्यातल्या दोन-तीन शंका, नावे न घेता, तासाच्या सुरुवातीला फळ्यावर लिहा. आपण लिहिलेल्या दोन वाक्यांनी तासाचा मार्ग बदलला हे विद्यार्थ्याला दिसते. निर्णयाचा परिणाम तो याहून लवकर कुठे पाहणार?

चांगली योजना बहुतेकदा ज्या जागी कोसळते ती जागा आता येते, म्हणून थोडे थांबून सांगतो. तिसऱ्या आठवड्यात निम्मा वर्ग न वाचता येतो. प्राध्यापकांना वाईट वाटते आणि ते ‘थोडक्यात’ सगळे वाचन सांगून टाकतात. त्या दहा मिनिटांत वर्ग एक पक्का धडा शिकतो: वाचले नाही तरी चालते. वाचून आलेले विद्यार्थीही तोच धडा शिकतात, आणि सहाव्या आठवड्यात कोणीच वाचत नाही. ही माया वाटते, पण त्यात विद्यार्थ्याच्या हातातले काम आपण काढून घेतलेले असते. त्याऐवजी न वाचलेल्यांना मागच्या दोन रांगांत १५ मिनिटे वाचायला बसवा, बाकीच्यांचे काम सुरू करा, आणि नंतर त्यांना सामील करून घ्या. आवाज चढवायचा नाही, टोमणा मारायचा नाही. परिणाम दिसला आणि दुरुस्तीही झाली, तेवढे पुरते.

पायरी ३: ६० मिनिटांचा तास

पहिली ५ मिनिटे: मागच्या आठवड्यातले दोन प्रश्न, वही बंद ठेवून, कागदावर. गुण नाहीत. पुढची ५ मिनिटे: तासापूर्वी आलेल्या शंका. मग सुमारे १२ मिनिटांचा एक व्याख्यानाचा तुकडा आणि त्याला जोडून एक संकल्पना-प्रश्न, आणि हाच जोड पुन्हा एकदा. शेवटची ५ मिनिटे: ‘आजचा सर्वांत महत्त्वाचा मुद्दा आणि अजून न सुटलेला प्रश्न’ हे कागदावर लिहून द्यायचे. उरलेली पाच-सात मिनिटे मोकळी सोडा. ती नेहमी लागतात.

संकल्पना-प्रश्नाची रीत १९९१ पासून हार्वर्डमध्ये भौतिकशास्त्राचे प्राध्यापक एरिक माझूर यांनी रुळवली. क्रम असा:

१. बहुपर्यायी प्रश्न दाखवा. दीड ते दोन मिनिटे पूर्ण शांतता. प्रत्येकाने एकट्याने उत्तर ठरवून लिहायचे.
२. सगळ्यांनी एकाच वेळी उत्तर दाखवायचे. अ-ब-क-ड लिहिलेली चार कार्डे पुरतात, यंत्र लागत नाही.
३. ३५ टक्क्यांहून कमी उत्तरे बरोबर असतील तर चर्चा करू नका, संकल्पना वेगळ्या उदाहरणाने पुन्हा समजावा. ७० टक्क्यांच्या वर असतील तर एका मिनिटात कारण सांगून पुढे जा.
४. मधल्या पट्ट्यात असतील तर बरोबर उत्तर न सांगता म्हणा, ‘शेजारी वेगळे उत्तर असलेला शोधा आणि त्याला पटवा.’ दोन ते तीन मिनिटे.
५. पुन्हा उत्तरे घ्या. मग कारणमीमांसा. चुकीचा पर्याय का मोहक वाटला, हे आवर्जून सांगा.

एका प्रश्नाला सात-आठ मिनिटे लागतात. सगळे यश प्रश्नाच्या जातीवर अवलंबून असते. संख्याशास्त्रात प्रमाण त्रुटी म्हणजे नमुन्यावरून काढलेली सरासरी खऱ्या सरासरीपासून साधारण किती ढळू शकते त्याचे माप. ‘प्रमाण त्रुटीचे सूत्र कोणते?’ हा प्रश्न कुचकामी, कारण तो आठवणीचा आहे. ‘नमुना १०० वरून ४०० केला तर सरासरीची प्रमाण त्रुटी किती होईल: चौथाई, निम्मी, तेवढीच की दुप्पट?’ हा चांगला. नमुना चौपट म्हणून त्रुटी चौथाई, असा घोळ पुष्कळांचा होतो. सूत्रात नमुन्याच्या संख्येचे वर्गमूळ भाजक असल्यामुळे ती निम्मी होते, हे शेजाऱ्याला समजावताना सूत्राचा अर्थ उलगडतो. इतिहासासारख्या विषयात एक दस्तऐवज आणि त्यावरचा एक दावा देऊन विचारा, ‘या दस्तऐवजातले कोणते वाक्य या दाव्याला सर्वांत जास्त अडचणीचे आहे?’ असे तीन प्रश्न लिहायला पहिल्या वर्षी एक संध्याकाळ जाते. दुसऱ्या वर्षी ते आयते मिळतात.

काही जणांना वाटते की हुशार विद्यार्थी उत्तर सांगतो आणि बाकीचे मान डोलावतात. २००९ साली मिशेल स्मिथ आणि सहकाऱ्यांनी नेमके हेच तपासले. चर्चेनंतर त्याच संकल्पनेवरचा वेगळा प्रश्न एकट्याने सोडवायला दिला, आणि जिथे गटात सुरुवातीला कोणालाही उत्तर येत नव्हते तिथेही सुधारणा दिसली. पण पहिली दोन मिनिटांची एकट्याची शांतता वगळली तर मात्र शंका खरी ठरते. स्वतःचे उत्तर लिहून झालेले नसेल, तर बचाव करायला हातात काही नसते.

तोंडी प्रश्न विचारल्यावर थांबणे हीसुद्धा एक रीतच आहे. मेरी बड रो यांना शाळांच्या वर्गांत आढळले होते की प्रश्न विचारून शिक्षक सरासरी जेमतेम एक सेकंद थांबतात. तीन सेकंद थांबले की उत्तरे लांबतात, कारणे येतात, एरवी गप्प राहणारे बोलतात. विद्यापीठाच्या अवघड प्रश्नांना पाच ते दहा सेकंद द्या. मनातल्या मनात मोजा, नाही तर तीन सेकंदांतच जीव कासावीस होतो आणि आपणच उत्तर देऊन बसतो.

पायरी ४: आठवून काढण्याच्या चाचण्या

पुन्हा पुन्हा वाचण्यापेक्षा आठवून काढल्याने जास्त टिकते. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिक यांच्या २००६ च्या प्रयोगात उतारा दोनदा वाचलेल्यांना आठवड्यानंतर ४२ टक्के मजकूर आठवला. एकदा वाचून एकदा आठवून लिहिलेल्यांना ५६ टक्के. गंमत अशी की पाच मिनिटांनंतर घेतलेल्या चाचणीत दोनदा वाचलेलेच पुढे होते. आदल्या रात्री वाचून ‘सगळे येते’ असे का वाटते आणि पुढच्या आठवड्यात ते कुठे जाते, याचे उत्तर यातच आहे. हे आकडे विद्यार्थ्यांनाही पहिल्याच आठवड्यात दाखवा.

दर आठवड्याला १० मिनिटांची, ५ प्रश्नांची चाचणी घ्या: तीन प्रश्न या आठवड्याचे, एक तीन आठवड्यांपूर्वीचा, एक त्याहून जुना. बारांपैकी सर्वोत्तम दहा धरल्या की आजारपणाचे अर्ज, विनवण्या, अपवाद यांचा सगळा व्याप संपतो. प्रत्येक चाचणीआधी विद्यार्थ्याने कोपऱ्यात स्वतःच्या गुणांचा अंदाज लिहावा, ५ पैकी किती. अंदाजाला गुण नाहीत. सुरुवातीला बरेच जण ४ लिहून २ मिळवतात. बाराव्या आठवड्यापर्यंत ही तफावत आटली तर विद्यार्थी स्वतःला तपासायला शिकला. जबाबदारीचे याहून नेमके माप सहसा हाताशी नसते.

पायरी ५: लेखन, अभिप्राय आणि मुदत

लेखनाचे काम दोन टप्प्यांत घ्या: सहाव्या आठवड्यात खर्डा, नवव्यात अंतिम लेख. खर्ड्यावर गुण लिहू नका, फक्त अभिप्राय. रूथ बटलर यांनी १९८८ मध्ये शाळकरी मुलांवर केलेल्या अभ्यासात फक्त अभिप्राय मिळालेल्यांचे काम आणि रस दोन्ही वाढले. अभिप्रायासोबत गुणही दिले, तिथे अभिप्रायाचा फायदा विरून गेला. नजर आधी आकड्यावर जाते आणि तिथेच अडकते.

१२० खर्डे प्रत्येकी १५ मिनिटांनी तपासले तर ३० तास लागतात. हे कोणालाच परवडत नाही, आणि म्हणूनच खर्ड्याची पद्धत बंद पडते. उपाय असा: मागच्या कामांतल्या नेहमीच्या १२ ते १५ त्रुटींची क्रमांकित यादी करा आणि ती विद्यार्थ्यांना द्या. खर्ड्यावर समासात फक्त क्रमांक लिहा, आणि शेवटी तीन वाक्ये: काय जमले, सर्वांत मोठी एक अडचण, पुढची एक कृती. असे सहा मिनिटांत होते, म्हणजे १२ तास. स्पेलिंग आणि विरामचिन्हे दुरुस्त करत बसू नका. तो वेळ वाया जातो आणि विद्यार्थी नेमक्या तेवढ्याच दुरुस्त्या करून परत देतो.

अंतिम लेखासोबत अर्ध्या पानाची टीप सक्तीची ठेवा: ‘कोणता अभिप्राय स्वीकारला, काय बदलले, कोणता अभिप्राय नाकारला आणि का.’ नाकारण्याची मुभा महत्त्वाची आहे. मुभा असेल तरच स्वीकारण्याला अर्थ येतो. लेख कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनाने लिहून घेतल्याची शंका असेल तर पाळत ठेवण्यात दिवस घालवू नका. चिठ्ठ्या टाकून दर पाचांपैकी एकाला तीन मिनिटे समोर बसवा: हे उदाहरण का निवडले, हे वाक्य काढले तर युक्तिवाद कुठे मोडेल? ज्याने लिहिले तो सांगतो. ही तोंडी तपासणी होणार, हे काम देतानाच जाहीर करा.

मुदतींबाबत टोकाची दोन मते असतात. ‘मोठी माणसे आहेत, सत्राअखेर द्या’ हे एक. डॅन अरिएली आणि क्लाउस वेर्टेनब्रोख यांच्या २००२ च्या अभ्यासात समान अंतराने मुदती ठरवून दिलेल्यांचे काम सरस ठरले. स्वतः मुदती ठरवणाऱ्यांचे काम शेवटी एकच मुदत असणाऱ्यांपेक्षा चांगले होते, पण समान अंतरांइतके नाही. ‘एक मिनिट उशीर झाला तर शून्य’ हे दुसरे टोक, आणि त्यात दुरुस्तीला वावच नाही. मधला मार्ग असा की अंतराने मुदती तुम्ही ठरवा आणि प्रत्येक विद्यार्थ्याला सत्रभरासाठी ४८ तासांच्या दोन सवलती द्या. कारण विचारायचे नाही, फक्त मुदतीआधी ‘सवलत वापरतो’ असे कळवायचे. खोटी कारणे बंद होतात आणि वेळेचा हिशेब विद्यार्थी स्वतः ठेवू लागतो.

पायरी ६: गट

गटकार्याबद्दल बहुतेकांचा अनुभव कडवट असतो, आणि त्याला ठोस कारण आहे. दोर ओढणाऱ्या माणसांवर मॅक्स रिंगेलमान यांनी केलेले प्रयोग १९१३ मध्ये प्रसिद्ध झाले: माणसे वाढली की प्रत्येकाचा वाटा घटतो. मोजमाप सगळ्यांचे मिळून होते आणि एकट्याचा वाटा दिसत नाही, तिथे अंग चोरले जाते.

गट चार किंवा पाच जणांचे करा. सातांच्या गटात दोघे हमखास दिसेनासे होतात. गट तुम्हीच करा, मित्रांचे होऊ देऊ नका, आणि सत्रभर तेच ठेवा. एकमेकांवर विसंबायला पाच-सहा आठवडे लागतात. काम असे निवडा की ते वाटून घेता येणार नाही. ‘२० पानांचा अहवाल’ दिला की प्रत्येक जण पाच पाने लिहितो आणि ती शेवटी एकत्र शिवली जातात. त्याऐवजी एकच निर्णय मागा: ‘या तीन उपायांपैकी कोणता, आणि उरलेले दोन का नाहीत, दोन पानांत.’ निर्णय वाटून घेता येत नाही, त्यावर बोलावेच लागते.

एकट्याचा वाटा दिसण्यासाठी चौघांच्या गटात प्रत्येकाने इतर तिघांना मिळून ३० गुण वाटायचे, गुप्तपणे, प्रत्येकासाठी एका वाक्याचे कारण देऊन. सरासरी १० पडते. एखाद्याला ७, ८ आणि ९ मिळाले तर त्याची सरासरी ८, म्हणून गुणक ०.८. गटाला १५ पैकी १२ असतील तर त्याला ९.६. गुणकाची कमाल मर्यादा १.१ ठेवा. ही वाटणी दोनदा घ्या. पहिली सातव्या आठवड्यात, जिचे गुण धरायचे नाहीत, फक्त ज्याला त्याला कळवायचे. फक्त शेवटी घेतली तर ती शिक्षा होते, कारण वागणे सुधारायला वेळच उरत नाही. सगळ्यांनी सगळ्यांना दहा-दहा दिले तर एका वाक्याची कारणे वाचा. खरेच समान काम झाले असेल तर ती ठोस असतात, आपसात ठरवले असेल तर पोकळ.

पायरी ७: हात हळूहळू सोडणे

पहिले चार आठवडे सोडवलेली उदाहरणे द्या, कसोटीचे निकष तुम्ही सांगा. पाचव्यापासून दहाव्यापर्यंत निकष वर्गासोबत ठरवा: दोन जुनी उत्तरे, एक चांगले आणि एक मध्यम, समोर ठेवा आणि चांगले का वाटते ते त्यांच्याकडून काढून घ्या. अकराव्यानंतर विषयाचा एक भाग त्यांनी निवडावा, परीक्षेसाठी प्रश्न त्यांनी सुचवावेत, आणि त्यांतला एक तरी खरोखर घ्या. पहिल्याच आठवड्यात ‘तुम्हाला हवा तो विषय निवडा’ असे म्हटले तर नवख्या विद्यार्थ्यांचा गोंधळ उडतो, कारण काय निवडण्याजोगे आहे हे अजून त्यांना माहीत नसते. उलट पंधराव्या आठवड्यातही सगळे ठरवून दिले तर सत्राच्या सुरुवातीचाच विद्यार्थी सत्राच्या शेवटी बाहेर पडतो.

चौथ्या आठवड्यातली कुरकुर

‘सर शिकवत नाहीत, आम्हालाच करायला लावतात’ ही तक्रार येतेच. २०१९ साली लुई देलोरिए आणि सहकाऱ्यांनी हार्वर्डच्या भौतिकशास्त्राच्या वर्गांत हे मोजले: काम करून शिकलेल्या विद्यार्थ्यांना चाचणीत जास्त आले, पण ‘आपण जास्त शिकलो’ असे गुळगुळीत व्याख्यान ऐकलेल्यांना वाटले. डोक्याला ताण पडला की माणसाला वाटते काहीतरी चुकते आहे. म्हणून पहिल्या तासाला दहा मिनिटे देऊन ही पद्धत का, हे आकड्यांसह सांगा. पहिली चाचणी दुसऱ्याच आठवड्यात घ्या, म्हणजे परिणाम डोळ्यांना दिसेल. चौथ्या आठवड्यात निनावी तीन प्रश्न विचारा: काय सुरू ठेवावे, काय थांबवावे, काय नवे करावे. पुढच्याच तासाला एक गोष्ट खरोखर बदला आणि एक गोष्ट का बदलणार नाही तेही सांगा. या टप्प्यावर घाबरून जुन्या पद्धतीकडे परतणे हे प्रयोग फसण्याचे फार नेहमीचे कारण आहे. त्यामुळे विद्यार्थी दोन्हींकडून जातात.

सत्राअखेरचे मोजमाप

पहिल्या आणि शेवटच्या आठवड्यात तीच २० प्रश्नांची संकल्पना-चाचणी घ्या. पहिलीची उत्तरे परत देऊ नका, चर्चाही करू नका. वर्गाची सरासरी आधी ४० टक्के आणि नंतर ५८ असेल, तर वाढ १८, वाढायला जागा होती ६०, म्हणून लाभ (हेक यांनी मोजला तोच भाग) ०.३०. तीच सरासरी ७० वर गेली तर लाभ ०.५०. अंतिम परीक्षेच्या निकालापेक्षा हा आकडा विश्वासाचा, कारण दरवर्षी प्रश्नपत्रिकेची काठिण्यपातळी बदलते.

जबाबदारीसाठी चार आकडे ठेवा: तासापूर्वीची उत्तरे देणाऱ्यांची आठवडावार टक्केवारी, मुदतीच्या शेवटच्या दोन तासांत काम देणाऱ्यांचे प्रमाण, खर्डा आणि अंतिम लेख यांत ठोस बदल केलेल्यांची संख्या, आणि अंदाज व प्रत्यक्ष गुणांतली तफावत. पहिला आकडा सहाव्या आठवड्यानंतर ६० टक्क्यांखाली घसरला तर दोष बहुधा वाचनाच्या लांबीत असतो, किंवा तासात ते वाचन वापरलेच जात नसते. तिसरा कमी असेल तर अभिप्राय उशिरा पोहोचला आहे. दहा दिवसांच्या आत तो हातात पडायला हवा. चौथा हलतच नसेल तर चाचण्यांनंतर उत्तरे दाखवली, पण चूक कुठे झाली हे विद्यार्थ्याकडून लिहून घेतलेले नाही.

पुढच्या सत्रात यांतली एकच गोष्ट बदला, सगळ्यात कमजोर आकड्याशी जोडलेली. एकाच वेळी पाच बदल केले तर कशाने काय झाले ते कळत नाही, आणि शिकवणाऱ्याचीही दमछाक होते. पहिल्या वर्षी सातही पायऱ्या जमणार नसतील तर दुसरी आणि चौथी घ्या: तासापूर्वीचे तीन प्रश्न आणि आठवड्याची दहा मिनिटांची चाचणी. दोन्ही मिळून आठवड्याला तुमचे तीन तास घेतात, आणि बाकीच्या पायऱ्या त्यांच्यावरच उभ्या राहतात.